रहांगडाले मालकांची भिंत

मंगळवार, सकाळचे साडेदहा. कोसमघाटची बंद पडलेली प्राथमिक शाळा. दोन वर्गखोल्या, मध्ये एक भिंत, आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले खेमराज रहांगडाले.

रहांगडाले म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, नातू. शाळेची इमारत त्यांच्या आजोबांनी दिलेली. दानपत्रात अट अशी, की शाळा बंद झाली तर इमारत परत घराण्याकडे. शाळा जूनमध्ये बंद झाली. मालकांना तिथं धानाची पोती रचायची होती. गावाला तिथं कलाकेंद्र हवं होतं. कोसमघाटची दंडार, म्हणजे ढोलकीवर नाचत-गात रंगणारं गावाचं लोकनाट्य, आसपासच्या गावांत नावाजलेली. तिची तालीम मात्र चिंचेखाली.

सरळ नाही म्हणण्याचा वाईटपणा मालकांना नको होता. म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर पैज लावली. शंभर माणसं एकत्र बसून दंडार बघतील असं सभागृह आणि उंच रंगमंच, आज दिवस मावळायच्या आत. पण भिंत फोडायची नाही, खिळा ठोकायचा नाही, बाहेरून लाकडाचा तुकडा आणायचा नाही. जमलं तर इमारत गावाची.

गावानं बोलावलेले इंजिनिअर चहा पीत होते. भिंत पाडल्याशिवाय हे अशक्य आहे, असं त्यांनी कप खाली न ठेवताच सांगितलं. भिंतीपाशी ते गेलेच नव्हते. सरपंच आणि गावातले तिघे पदवीधर माना खाली घालून उठले.

तेव्हा सत्यफुला कोहळे पुढे आली. अठरा वर्षं ती शाळेत खिचडी शिजवायची. शाळेबरोबर तिची चूलही बंद झाली होती.

"मालक, भिंत फुटली नाही पाहिजे, एवढंच न?"

"एक टवका उडाला तरी हरलीस."

"आन् तिनं जागा सोडली तर?"

"भिंत चालायला लागली, तर खुशाल जाऊ दे तिला."

सगळे हसले. इंजिनिअर जरा जास्तच हसले.

सत्यफुलानं दंडारीतले चार गडी ठेवून घेतले आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. मालकही जेवायला गेले.

साडेचारला ते परतले, ते धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर मागं घेऊनच. सत्यफुला त्यांना अदबीनं थेट रंगमंचावर घेऊन गेली. समोर शंभरावर माणसं दाटीनं बसलेली. दोन खोल्यांची एक झाली होती. मालकांचा आवाज चढला.

"पाडलीस न? कुठाय भिंत?"

"तुमी तिच्यावरच उभे आहा, मालक."

मालकांनी खाली पाहिलं. पायाखाली सागाच्या फळ्या होत्या, अंगभर जुना चुना. मुलांच्या बाकांवर आडव्या टाकून दोरानं आवळलेल्या. मालकांच्या आजोबांनीच त्या वरखाली खाचांत उभ्या बसवल्या होत्या, स्नेहसंमेलनाला काढून त्यांचाच रंगमंच करता यावा म्हणून. पुढं चाळीस वर्षं संमेलन झालं नाही. दर दिवाळीला चुना चढत गेला आणि फळ्यांची भिंत झाली.

"इंजिनिअर सायबानं खुर्चीतून भिंत पाहिली," सत्यफुला म्हणाली. "मी अठरा वर्षं तिला चुना मारला. हात लागला का कळते, माती कुठं आन् लाकूड कुठं. बावीस फळ्या आहेत, मोजून घ्या. टवका उडाला असंल तर सांगा." मग जरा थांबून म्हणाली, "याच फळ्यांवर तुमी चौथीत असताना हरीण झाले होते. माय सांगे, एक शिंग पडलं तर तुमी रडले होते."

मालक इंजिनिअरकडं बघत राहिले, मग पायाखालच्या फळ्यांकडं, आणि एकदम हसत सुटले. हसता हसता त्यांनी खांब धरला. "दोन्ही शिंगं पडली होती," ते म्हणाले.

इमारत गावाची झाली आणि किल्ली सत्यफुलाची. ट्रॅक्टर माघारी वळला, पण चार पोती उतरवून. तालमीच्या जेवणासाठी, आणि ते शिजवायचं सत्यफुलानंच. शाळेची चूल पुन्हा पेटली.

दंडार पाचला सुरू झाली. पुढं गावची मुलं बसली होती. पटावर फक्त नऊ मुलं, म्हणून शाळा बंद, असं जूनच्या आदेशात लिहिलं आहे. बातमीसाठी मी एकेकाला वय विचारत मोजलं. सहा ते दहा वर्षांची मुलं एकतीस भरली. त्या आदेशावर सही आहे, पण नाव वाचता येत नाही. नऊ कोणी मोजली, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.