नोटिशीचं उत्तर

“...म्हणजे नक्कल करायचं साधन बनवणं हाच गुन्हा झाला का, बाबा?”

सुहृदने हे तिसऱ्यांदा विचारलं. गोदाकाठच्या त्या लहानशा मठात विश्वंभरबाबा मांडीवर पाट घेऊन एक जुनी पोथी उतरवून काढत होते. त्यांचा बोरू काही थांबला नाही.

सुहृदने सहा वर्षं खपून एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. इंटरनेटवरचा कुठलाही व्हिडिओ त्या सॉफ्टवेअरने आपल्या संगणकावर उतरवून घेता येई. सगळं फुकट, सगळं उघडं. कोणीही न्यावं, हवं तर बदलावं. मागच्या आठवड्यात एका संगीत कंपनीने कॉपीराइटची नोटीस धाडली आणि ते जिथे ठेवलं होतं त्या साइटवरून काढून टाकलं गेलं. गडी आतून पार खचला होता. ताठा मात्र शाबूत होता.

“ही पोथी कोणाची?” सुहृदने विचारलं.

“माहीत नाही. लिहिणाऱ्याने नाव घातलेलं नाही.”

“आणि ही नक्कल कोणाला द्यायची?”

“नक्कल मठात राहते. मूळ पोथी मागणारा घेऊन जातो. आमच्याकडे असंच चालतं.”

सुहृदला हसू आलं. उलटाच कारभार की हा.

“नोटिशीला उत्तर लिहिलंय,” तो म्हणाला. “आज पाठवायचंय. काही चुकत असेल तर सांगा.”

“वाच.”

तो ठासून वाचू लागला. विद्या अडवून ठेवू नये... नक्कल केल्याने मूळ उणं होत नाही... जे जगाच्या हाती दिलं, ते जगाचं झालं...

बाबांनी मान डोलावली.

“छान. आणि हातातला तो दुसरा कागद?”

सुहृद जरा घुटमळला. मग तोही वाचला. माझ्या हक्काची निर्मिती उचलून नेण्यात आली आहे... ती तिथून ताबडतोब काढावी... अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल...

“कंपनीची भाषा कडक आहे,” बाबा म्हणाले.

“बाबा, हे कंपनीचं नाही.” सुहृदचा आवाज खाली आला. “एकाने माझ्या सॉफ्टवेअरची नक्कल आपल्या पानावर ठेवलीय. माझं नाव पुसून. त्याच्याविरुद्धची तक्रार आहे ही... मीच लिहिलीय.”

बाबांनी ओल्या अक्षरांवर चिमूटभर वाळू टाकली, कागद हलकेच झटकला.

“असं होय...” ते म्हणाले. “मग पहिलं पत्र कोणी लिहिलं?”