बारा मानकरी आणि एक तोफ

"तोफ टेकडीवर गेली पाहिजे! बाराही मानकरी गाडीत बसलेले पाहिजेत! आणि तोफ गाडीनंच ओढली पाहिजे. बैल नको, हत्ती नको, धक्का मारायला माणूस नको!"

कुसुरवाडी संस्थानचे राजे भुजंगराव यांनी हुकूम सोडला आणि विडा तोंडात टाकला.

गाडी म्हणजे त्यांनी विलायतेहून आणवलेली भलीथोरली व्हॅन. तिच्या माहितीपत्रकात छापलं होतं की आत बारा माणसं ऐसपैस बसतात आणि मागे बांधलेलं अवजड ओझं ती सहज ओढते. महाराजांचा छापील अक्षरावर फार विश्वास.

ड्रायव्हर तात्याबा हात जोडून म्हणाला, "सरकार, बारा जण बसवले तर गाडी चढते. नुसती तोफ बांधली तरी चढते. दोन्ही एकदम म्हटलं की अर्ध्यात थांबते."

"दोन्ही छापलंय! दसऱ्याला तोफ वरून उडाली नाही, तर तू, तुझी मुलगी आणि तुझं बिऱ्हाड संस्थानाच्या हद्दीबाहेर!"

आता छापल्यापुढे तात्याबा काय बोलणार? त्याने मानकऱ्यांच्या पाया पडून त्यांना तीन दिवस उपास करायला लावले. एकेक मानकरी तीन मणांचा. उपासाने वजन पावशेर उतरलं, स्वभाव मात्र पार बिघडला. गाडी पुन्हा अर्ध्या चढावर थांबली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तात्याबा घरी आला आणि ओट्यावर बसून रडू लागला. घर सोडून जायच्या नुसत्या कल्पनेनेच त्याचा जीव तुटत होता. त्याची मुलगी हौसा मळ्यातल्या विहिरीवर बैलांची मोट हाकून परतली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, टेकडीच्या पल्याडचा उतार कसा हाय?"

"ह्या बाजूवानीच. का गं?"

"मग रडू नगा. भाकरी खावा."

आणि ती तडक दरबारात गेली. "सरकार, तोफ उद्या वर जाईल. मला देवळाच्या रथाचा दोर, लोहाराकडचं मोठं लोखंडी चाक आन् मानकऱ्यांना जेवण पायजे."

"जेवण?"

"पुरणपोळी. तुपासंगट. नगं नगं म्हनेस्तवर."

महाराजांना काही उमगेना. पण मानकऱ्यांनी एकमुखाने पाठिंबा दिला.

दसऱ्याला बारा मानकरी जेवून, एकमेकांना हात देत गाडीत चढले. गाडी तोफेशिवाय टेकडी चढली आणि माथ्यावर पोचली. तिथल्या देवळापुढच्या दोन दगडी खांबांच्या मधे हौसाने ते चाक बसवून घेतलं होतं. दोराचं एक टोक टेकडीखाली तोफेला बांधलेलं. दोर चाकावरून घेऊन तिने दुसरं टोक गाडीला बांधलं.

"हं आबा, आता पल्याडच्या अंगानं खाली चला!"

गाडी पलीकडचा उतार उतरू लागली. आणि अलीकडून तोफ गडगडत वर येऊ लागली!

महाराज गाडीशेजारून ओरडत चालले होते, मागोमाग हौसा. तोफेला माथा गाठायला चार हात उरले आणि गाडी अडली. हौसाने महाराजांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जरा वजन कमी पडतंय, सरकार."

महाराज अंगरखा सावरत गाडीच्या पायरीवर चढले. गाडी हलली!

"आली! तोफ आली!" माथ्यावरून लोक ओरडले. पुजाऱ्याने तिच्या चाकांखाली धोंडे सरकवले.

महाराज पायरीवरून उतरले. भुवया मात्र चढलेल्याच.

"पोरी, गाडी टेकडीच्या पायथ्याशी, मानकरी पायथ्याशी, मीसुद्धा पायथ्याशी! मग गाडीनं तोफ वर नेली असं कसं म्हणायचं?"

"सरकार, मोटेचं पाणी इहिरीतनं वर येतं तवा बैल कुठं जात्यात?"

गाडीतून एक मानकरी ढेकर देऊन म्हणाला, "उतारानं खाली."

महाराजांनी गाडीतल्या बारा जणांकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले!

"बैल केलंस आम्हाला! माग, काय हवं ते माग!"

"आबांची नोकरी आन् आमचं घर ऱ्हाऊ द्या. आन् तोफ परत खाली आणायचा हुकूम तेवढा सोडू नगा!"

महाराज डोळे पुसत पुन्हा हसले. नोकरी आणि घर त्यांनी जागच्या जागी कायम केलं, हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. तोफेबद्दल वचन द्यायला मात्र त्यांना संध्याकाळपर्यंत विचार करावा लागला.