ठकूची दरड

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा हा सगळा माळ कुसळी गवताचा होता आणि त्यावर दोघंच भटकत, धनगर आणि लांडगा. दोघांचाही पाय एका जागी ठरत नसे.

त्या साली पौषात म्हाळू धनगराने ओढ्याकाठी मेंढरं बसवली. शेजारच्याच दरडीत लांडगीचं बीळ. आता याला दुसरी जागा मिळाली नसती का? पण म्हाळू पडला हट्टी. लांडग्यांनी एक कोकरू नेलं, तसे त्याने बिळाच्या तोंडावर दगड रचले. बीळ बुजवलं की लांडगा माळ सोडतो, अशी त्याची समजूत.

एरवी सोडतोही. पण आत डोळे न उघडलेली पिल्लं होती. दिवस कलला तशी जोडी शिकारीवरून परतली. नराने पोटात आणलेला घास बिळापुढे ओकला, लांडगी दगडांवर पंजे घासत राहिली. मग दोघं मेंढरं कोंडलेल्या जाळ्याच्या कुंपणाभोवती फिरू लागली, ती थांबेचनात.

मेंढरं आत गरगर फिरली. मेंढ्यांनी पान्हा चोरला, कोकरं भुकेने ओरडू लागली. म्हाळूची बायको ठकू ओली बाळंतीण. तिचंही दूध आटलं, असं म्हणतात. बाळ रडून रडून निपचित पडलं.

"उचल बिऱ्हाड, जाऊ फुडं," म्हाळू म्हणाला.

"अवं, फुडल्या गावापतूर हे लेकरू टिकायचं न्हाई," ठकू म्हणाली. "अन् तिचं लेकरू हितं कोंडलंय. ती तरी कुठं जाईल?"

उजाडताना बाळ पाठीशी बांधून ती दरडीकडे गेली. लांडगी दात विचकून उभी. ठकूने तिच्याकडे पाहिलंही नाही. एकेक दगड उचलून मागे फेकत राहिली, नखं फुटली तरी थांबली नाही. शेवटचा धोंडा निघाला आणि आतून बारीक कुंईकुंई आली. त्यासरशी ठकूला पान्हा फुटला आणि साऱ्या मेंढ्यांनाही फुटला, असं म्हणतात. लांडगीने पिल्लं तोंडात धरून एकेक करून नेली. जाताना ठकूचे रक्ताळलेले हात चाटले, असंही म्हणतात. तेवढं मला पटत नाही. लांडगी ती, पाळलेली कुत्री थोडीच?

बाळ जगलं. ठकू मात्र पुन्हा निवांत बसली नाही. दर पौषात दरडी धुंडाळत फिरे, कुणी दगड तर लावला नाही ना म्हणून. म्हातारपणी अशीच गेली ती परतलीच नाही. सापडलं ते तिचं घोंगडं, आणि त्यावर झोपलेली पिल्लं.

आजही पौषात त्या काठाला कुणी मेंढरं बसवत नाही. कोकरू गेलं तर लांडग्याला शिव्या घालतात, मागे धावतात, पण बिळाला हात लावत नाहीत. दुसऱ्या देवांच्या थानांवर लोक दगड ठेवून जातात. इथे, ठकूच्या दरडीला, आलेला माणूस एक दगड उचलून लांब फेकायचा. इथले दगड कधीच संपले. तरी लेकुरवाळ्या बाया वाकतात, मूठभर माती उकरतात आणि आतून आवाज येतो का ते ऐकतात.