कपाटातला रियाज

"यातला खरा आवाज कोणता, अक्का? तेवढं सांगा."

हेरंबनं दोन डब्या उघडून पुढे सरकवल्या. दोन्हींत कानात घालायचे मॉनिटर, म्हणजे भारी इअरफोन, होते. काळा जोड महाग, सोनेरी त्याहून महाग. असे जोड पारखून लोकांना सल्ले देणं हा या स्वारीचा उद्योग, आणि त्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे.

भागीरथीअक्का त्याच्या गाण्यातल्या गुरू. मिरजेतल्या आपल्या खोलीत तानपुरा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही जोडांतून आपलंच जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं.

"काळ्यातली बाई ओसरीवर बसून गातेय. सोनेरीतली अगदी कानाशी आलीय."

"ती बाई तुम्हीच, अक्का! आणि सोनेरी अजून पुरता खुललेला नाही. नवा जोड आठवडाभर वाजता ठेवावा लागतो, मग आवाज मोकळा होतो."

"काय वाजवतोस?"

"तुमचा मारवा. रात्रंदिवस."

"आणि तू ऐकतोस?"

"मी कशाला? कपाटात ठेवून देतो."

अक्का तानपुरा जुळवू लागल्या.

ते हेरंबच्या डोक्यात गेलं. चार वर्षं अक्का मारव्याची एकच बंदीश घोटून घेत होत्या, तीही स्थायीपुरती. पुढचा अंतरा मागितला की म्हणायच्या, घाई काय आहे. आज तो सोक्षमोक्ष लावायलाच आला होता.

"अंतरा आज द्या, नाहीतर मी चाललो. ध्वनिमुद्रण आहे, हा जोड आहे. तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो यात. समोर बसायची मला गरज नाही."

"बरं. ऊठ मग."

तो तडक उठला आणि दारात जाऊन त्यानं चपला घातल्या.

अक्कांनी सोनेरी जोड उचलला, त्याच्या रिकाम्या आसनावर नीट मांडला, आणि त्याच्याकडे तोंड करून अंतऱ्याची पहिली ओळ गायली. मग थांबल्या. शिष्यानं म्हणून दाखवावं म्हणून थांबतात तशा.

...

"छान," त्या जोडाला म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी ओळ सुरू केली.

हेरंब दारातच थबकला. हा अंतरा त्यानं ध्वनिमुद्रणात कितीदा ऐकला होता. पण शिकवताना अक्का तो कुठे तोडतात, कुठे रेंगाळतात, हे आज पहिल्यांदा दिसत होतं. त्याला भयंकर राग आला. त्याहून जास्त हेवा वाटला.

"अक्का, ही काय थट्टा आहे?"

तानपुरा चालूच होता.

त्यानं पायातली एक चप्पल पुन्हा काढली. मग दुसरी.

"ती माझी जागा आहे," तो आत येत ठासून म्हणाला. "मी तिथेच बसणार."

अक्कांनी मान वर केली नाही.

"मागे बस. त्यांचा रियाज तुझ्यापेक्षा जास्त झालाय."