उतारावरची परीक्षा

साताऱ्याच्या मृदुलाला आठ दिवसांनी रेसिंगच्या शाळेची निवड चाचणी द्यायची होती. घरी सरावाला गाडीचा व्हिडिओ गेम हवा होता, आणि तोही खऱ्या गाडीसारखा चालणारा. आजोबा धोंडिबा भोईटे तिला घेऊन दुकानात गेले. धोंडिबांनी सव्वीस वर्षं घाटातून एसटी चालवली होती.

दुकानदाराने तीन गेम पुढे ठेवले. तिन्हींच्या खोक्यांवर सारखीच गाडी, सारखाच धूर. धोंडिबांना एकही वेगळा दिसेना. दुकानदार ग्राफिक्स, सेन्सर, अपडेट असं बरंच बोलला. ते ऐकून धोंडिबा आणखीच गोंधळले.

“यातला खऱ्यासारखा कोणता?”

“अर्थात सगळ्यात महागडा! पण आजोबा, तुम्ही यात पडू नका. हा काही तुमचा लाल डबा नाही.”

धोंडिबा दुकानातल्या गेमच्या स्टीअरिंगसमोर बसले. “तिन्ही लाव. प्रत्येकात डोंगराचा उतार दे.”

उतारभर त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. महागड्या गेममधली गाडी सुखरूप खाली आली. दुसऱ्यातलीही आली. तिसऱ्यात अर्ध्या वाटेवर ब्रेक लागेना आणि गाडी दरीत गेली.

दुकानदार खदाखदा हसला. “पडलात की हो आजोबा!”

“हाच बांधून दे.”

“अहो, यातच तर हरलात!”

“उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि मग लागत नाही. हे या गेमला ठाऊक आहे. तुझ्या महागड्याला ठाऊक नाही,” धोंडिबा उठत म्हणाले, “आणि तुलाही नाही.”