खाटेत विणलेला दोर

पूर्वी महीधर नावाचा राजा चंपकराष्ट्रात धर्माने राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने रज्जुकाच्या, म्हणजे दोर धरून जमिनीची मोजणी करणाऱ्या राजाधिकाऱ्याच्या, कुळात जन्म घेतला. पित्यामागून ते पद त्याच्याकडे आले. त्याने ताणलेला दोर कोणाच्याही बाजूला सैल पडत नाही, अशी त्याची ख्याती होती.

त्या राज्यात एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन नगरे होती. पूर्वेकडे मधुपर्णी आणि पश्चिमेकडे शिलापथ. मधुपर्णीला आपल्या शीलाचा अभिमान होता. तेथील घरांना अडसर नव्हते, आणि वाटेत पडलेली वस्तू तिचा धनी येईपर्यंत तेथेच पडून राहत असे. शिलापथाला आपल्या उत्कर्षाचा अभिमान होता. तेथील रस्ते फरसबंद होते, चौकाचौकात विहीर होती आणि बाजारावर पक्के छत होते.

मधुपर्णीचे लोक म्हणत, "शिलापथात रस्त्यातही दगड आणि छातीतही दगड."

शिलापथाचे लोक उत्तर देत, "मधुपर्णीला अडसर हवाच कशाला? चोर शिरला तरी चिखलात रुतून बसेल!"

अशा बोलण्यांवरून ठरलेल्या सोयरिकी मोडत. ओढ्यावर पाणी भरणाऱ्या स्त्रियासुद्धा एकमेकींकडे पाठ करून घागरी बुडवीत.

पूर्णभद्र हा मधुपर्णीचा नगरप्रमुख होता. राजा दर बारा वर्षांनी राज्यातील श्रेष्ठ नगराला अग्रध्वज देत असे आणि मागील दोन्ही वेळा तो शिलापथाकडे गेला होता. पूर्णभद्राच्या पित्याने त्या ध्वजासाठी सभागृहापुढे सागवानी स्तंभ उभारला होता. पिता गेला, स्तंभ राहिला, आणि त्यावर कावळ्यांखेरीज आजवर काही बसले नव्हते. सकाळी दार उघडले की पूर्णभद्राची दृष्टी प्रथम त्या रित्या टोकाकडे जाई. आता तिसरी खेप आली होती आणि त्याचे वयही साठीला पोहोचले होते.

ध्वजाचा नियम एकच होता. ज्या नगराच्या हद्दीत वर्षभरात एकही मनुष्य अन्नपाण्यावाचून किंवा शुश्रूषेवाचून मरण पावला नाही, तेच नगर ध्वजास पात्र ठरे.

दोन नगरांच्या मध्ये वाळूचा एक पट्टा होता. बारा वर्षांपूर्वी पुराने ओढ्याचे दोन फाटे केले, तेव्हा तो उघडा पडला. त्या वाळूत कलिंगडे उत्तम होत. पट्टा आमचाच, असे दोन्ही नगरांनी शपथेवर लिहून दिले. मोजणीसाठी बोधिसत्त्व आला, परंतु दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन धावले आणि मोजणी राहून गेली. पुढे त्या वाळूचा कस गेला, कलिंगडे धरेनाशी झाली, आणि भांडणही आपोआप विझले.

त्या पट्ट्यावर कुरंगी नावाची एक वृद्धा झोपडी करून राहत असे. ती सुईण होती. दोन्ही नगरांत तिच्या हातांवर न उतरलेली माणसे थोडीच असतील. तिचे हात कापू लागले, दृष्टी गेली, तेव्हा तिला बोलावणे येईनासे झाले. शिलापथाचे लोक तिला जेवू घालीत असतील, असे मधुपर्णीला वाटे, आणि मधुपर्णीचे लोक घालीत असतील, असे शिलापथाला वाटे.

ध्वजदानाच्या वैशाखी पौर्णिमेला अठरा दिवस उरले असताना पूर्णभद्राच्या रक्षकांनी वार्ता आणली. कुरंगी चार दिवस खाटेवरून उठलेली नव्हती.

"खाट कोठे आहे?" पूर्णभद्राने विचारले.

"पट्ट्यावर, आर्य. आपल्या बाजूला जरा अधिक."

तिला घरी आणावे, तिची शुश्रूषा करावी, म्हणजे नियमही आपसूक पाळला जाईल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही असे नाही. पण तिला आपली म्हणावे, तर आपली असून ती आजवर उपाशी राहिली, हेही मान्य करावे लागले असते. तो म्हणाला, "खाट पश्चिमेच्या काठाला नेऊन ठेवा. हलक्या हाताने उचला. तिला धक्का लागू देऊ नका." एवढे सांगितल्यावर आपण दयेनेच वागलो, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाट पूर्वेच्या काठाला होती. शिलापथाचा नगरप्रमुख कुंजरक याने तीच आज्ञा केली होती. सहा दिवसांत ती खाट भर उन्हात सहा वेळा इकडून तिकडे गेली. तिची सुंभाची वीण तुटत गेली, आणि शेवटी वृद्धेची पाठ तापलेल्या वाळूला टेकली.

मग दोन्ही नगरांनी राजाकडे अर्ज केले. दोहोंचा मजकूर एकच होता. पट्टा आमचा नाही, त्यांचा आहे. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून सांगितले, "पौर्णिमेच्या आत मोजणी कर. हा तंटा न लढता मिटला, तर तुला अमात्यपद देईन. न मिटला, तर दोर दुसऱ्याच्या हाती जाईल."

पौर्णिमेला नऊ दिवस उरले असताना बोधिसत्त्व पट्ट्यावर आला. पूर्णभद्र व कुंजरक आपापल्या माणसांसह तेथे उभे होते. दोघांमध्ये ती खाट होती. बोधिसत्त्वाने जुने अर्ज काढले आणि वाचून दाखविले.

"बारा वर्षांपूर्वी ही वाळू आमचीच, असे आपण दोघांनीही शपथेवर लिहिले आहे," तो म्हणाला.

"तेव्हा ओढा निराळा वाहत होता," कुंजरक म्हणाला.

"आणि कलिंगडे गोड होती," खाटेवरून आवाज आला.

पूर्णभद्र कठोर स्वरात म्हणाला, "मोजणीच्या वेळी मध्ये बोलू नये."

"हा पूर्णभद्र ना रे?" कुरंगीने मान वळविली. "पायाळू जन्मलास तू. दोन दिवस तुझ्या आईजवळून हलले नव्हते मी. तेव्हाच म्हटले होते, हे पोर पाय आधी टाकणार आणि डोके मागाहून आणणार."

कुंजरकाला हसू आवरले नाही.

"हसतोस काय, कुंजरका? तू तर निळा पडला होतास. उलटा धरून पाठीत दोन चापट्या दिल्या, तेव्हा कुठे रडलास. आता तुला कोण चापट्या देणार?"

बोधिसत्त्वाने पाणी मागितले. दोन्हीकडच्या सेवकांनी आपापल्या प्रमुखाकडे पाहिले आणि कोणीही जागचे हलले नाही. तेव्हा त्याने वाळूत हाताने झरा उकरला, ओंजळीने पाणी आणून वृद्धेला पाजले आणि तिला उचलून झोपडीच्या सावलीत निजविले. मग त्याने राजमुद्रेचा दोर सोडला. मोजणी सुरू झाली असे समजून दोघे प्रमुख सावध झाले. परंतु बोधिसत्त्वाने दोराचे टोक खाटेच्या पायाला बांधले आणि शांतपणे वीण घालू लागला.

"हे काय करता आपण?" पूर्णभद्राने विचारले.

"खाट विणतो."

"आणि मोजणी?"

"दोर एकच आहे, आर्य. ही माउली खाटेवरून उठली, की मोजू."

"पौर्णिमा नवव्या दिवशी आहे! आपले पद जाईल."

"जाईल," बोधिसत्त्व म्हणाला. "दोर ताणला, तर हिचा देह कोणाच्या हद्दीत आहे एवढेच कळेल. हिची पाठ भाजते आहे, हे मोजल्यावाचूनच कळले." आणि त्याने वीण घट्ट ओढली.

त्या दिवसापासून तो तेथेच राहिला. त्याने ताडपत्रांचा मांडव घातला. तो तिच्या अंगावरचे व्रण धूत असे आणि चुलीवर पेज करून चमच्याने तिला भरवीत असे. पूर्णभद्र रोज दुपारी काठावर येऊन पाहत असे. दोर उसवून रज्जुक मोजणीला लागला काय, एवढेच पाहण्यासाठी आपण येतो, असे तो घरी सांगे.

चौथ्या दिवशी काठावरून परतल्यावर तो आपल्याच उंबऱ्याशी थबकला. दार नेहमीसारखे उघडे होते. त्याला आठवले की या उघड्या दारातून कुरंगी त्याच्या आईच्या, बहिणीच्या, पत्नीच्या बाळंतपणाला आली होती, आणि प्रत्येक वेळी तिला बोलावणे गेले होते. बोलावण्यावाचून ती कधी आली नव्हती. आणि गेल्या सात वर्षांत तिला कोणी बोलावले नव्हते. आमच्या दाराला अडसर नाही, हे वाक्य त्याने आयुष्यभर अभिमानाने उच्चारले होते. त्या दुपारी ते त्याच्याने मनातही म्हणवेना. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, पेजेचे मडके स्वतः उचलले आणि सर्व नगराच्या देखत ओढा उतरला.

कुरंगीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. तुझ्या आईचा हातही असाच आखडता."

पूर्णभद्राने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "माय, तू मूळची कोणत्या नगराची?"

"जिकडून हाक आली, तिकडची," ती म्हणाली. "हाक आली की मी निघत असे. काठ बघायला सवड कोणाला होती?"

त्यानंतर तो रोज पेज घेऊन येऊ लागला. शिलापथाकडून कोणी आले नाही. कुंजरक मात्र आपल्या काठावर उभा राहून पाहत असे.

इतक्या वर्षांची उपासमार नऊ दिवसांच्या शुश्रूषेने भरून निघणारी नव्हती. पौर्णिमेच्या दिवशी सूर्योदयाला कुरंगीने पूर्णभद्राचे डोके चाचपले, नवजात अर्भकाचे चाचपावे तसे, आणि तिचा हात तेथेच राहिला.

त्याच सकाळी राजा अग्रध्वज घेऊन आला. वाळूवर मोजणीची एकही खूण नव्हती. मांडवात प्रेत होते आणि राजमुद्रेचा दोर त्याच्या खाली विणलेला होता. राजाने विचारले, "ही कोणाच्या हद्दीत मेली?"

कुंजरक पायाखालच्या वाळूकडे पाहू लागला. पूर्णभद्राला सभागृहापुढील स्तंभ दिसत होता. आपण एक शब्द न बोललो, तर कदाचित आज संध्याकाळी त्यावर ध्वज चढेल, हे त्याला ठाऊक होते.

"आमच्या हद्दीत, महाराज," तो म्हणाला. "ती आमची होती आणि आमच्या उपेक्षेने मेली. शेवटची पेज रज्जुकांनी पाजली म्हणून तिची सात वर्षांची उपासमार पुसली जात नाही. तिची खाट हद्दीपार करण्याची आज्ञा माझी होती."

मधुपर्णीच्या लोकांत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, "म्हाताऱ्याने घात केला." राजाने ध्वज घडी करून रथात ठेवावयास सांगितले. बोधिसत्त्वाकडे वळून तो म्हणाला, "आज्ञा मोडली गेली आहे. पद तुझ्याकडे राहू शकत नाही. दोर परत कर."

"महाराज, पद घ्यावे," बोधिसत्त्व म्हणाला. "दोर मात्र हिच्या पाठीखाली आहे. तो हिच्याबरोबरच जाईल."

राजाने दोर पुन्हा मागितला नाही.

प्रेत उचलण्याची वेळ आली. पूर्णभद्राने खाटेचा एक पाय खांद्यावर घेतला, बोधिसत्त्वाने दुसरा. मधुपर्णीचा एक रक्षक, ज्याने तीच खाट तीन वेळा पलीकडे नेली होती, तिसऱ्या पायाशी आला. चौथा पाय वाळूवरच राहिला. मग कुंजरक आपल्या काठावरून उतरला, पाण्यातून चालत आला, आणि कोणाकडेही न पाहता त्याने खाली वाकून खांदा दिला. ती खाट सातव्यांदा उचलली गेली. या वेळी ती कोणत्या काठाला नेतात, याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

त्या पट्ट्याची मोजणी पुढे कधीच झाली नाही. पूर्णभद्राने आपल्या पित्याचा स्तंभ उतरवून त्या पट्ट्यावर बांधलेल्या आरोग्यशाळेला आढे म्हणून घातला. शिलापथाने दगड दिले आणि विहीर खोदली. मधुपर्णीची माणसे पाळीपाळीने रोग्यांजवळ बसू लागली. टोमणे थांबले नाहीत. "तुमची विहीर खारट," "तुमची पेज अळणी," असे ते बोलतच राहिले, पण एकाच मांडवात बसून. बोधिसत्त्व आयुष्याच्या अखेरीपर्यंत तेथे रोग्यांच्या खाटा विणीत राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनात सांगितली, तेव्हा त्यांच्यासमोर दोन शेजारच्या विहारांतील भिक्षू बसले होते. एका विहाराला आपल्या विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या नियमपालनाचा, अभिमान होता, दुसऱ्याला आपल्या भव्य वास्तूचा. आणि एका रुग्ण भिक्षूला, हा तुमच्याकडचा, असे म्हणून ते दोघेही एकमेकांकडे पाठवीत होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा महीधर म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद. कुंजरक व पूर्णभद्र हे या दोन विहारांचे प्रमुख आहेत. कुरंगी म्हणजे तो रुग्ण भिक्षू, ज्याच्यापाशी आज सकाळपासून कोणी पाणी ठेवलेले नाही. आणि खाट विणणारा रज्जुक तो मीच होतो."

दोन्ही प्रमुख एकाच वेळी उठले. शास्त्यांनी त्यांना जाऊ दिले. मग उरलेल्या भिक्षूंना ते म्हणाले, "हद्द पाहून जी थांबत नाही, ती करुणा. त्या जन्मी मी तिचीच पारमिता, म्हणजे तिची परमसिद्धी, पूर्ण करीत होतो."