मुठीतला आस

एका राज्यात, जिथे मनोऱ्यातल्या घड्याळाचे टोले पडल्याशिवाय राजासुद्धा सिंहासनावरून उठत नसे, टेकडीवर एक घड्याळशाळा होती. चाळीस विद्यार्थी, चाळीस मेजं, आणि गुरू सूक्ष्मनाथ. गुरू घड्याळजी होते तसे मांत्रिकही होते. शाळेची एक रीत होती. घड्याळाचा भाग तिळाएवढा. हातून निसटला की दिसेनासा व्हायचा आणि कुणाच्या तरी टाचेखाली जायचा. म्हणून ज्याचा भाग पडेल त्याने 'थांबा' म्हणायचं. सगळ्यांनी होतं तिथं थिजायचं, गुरूंच्या साळुंकीने फरशीवर शोधायचं, आणि भाग साळुंकीच्या चोचीत दिसल्यावर पाडणाऱ्याने 'सापडला' म्हटलं की मग हलायचं. पण विद्यार्थीच ते, ऐकतात थोडेच? म्हणून गुरूंनी ही रीत मंत्राने बांधून टाकली. पाडणाऱ्याची जीभ तेवढी मोकळी राहायची.

एके दिवशी भर दुपारी जयवंत तांबट नावाचा विद्यार्थी 'थांबा' म्हणाला. शाळा थिजली, गुरूसुद्धा थिजले. मनोऱ्यातलं घड्याळ शाळेतल्या घड्याळांच्या तालावर चालायचं, तेही थांबलं. साळुंकीने फरशी पालथी घातली, पण भाग काही सापडेना. महिना गेला, वर्ष गेलं, आणि थिजलेल्यांचे पाय हळूहळू पितळेचे होऊ लागले. राजाने तीन सरदार पाठवले. ते शाळेचे विद्यार्थी नव्हते, तरी आत शिरले. त्यानंतर उंबरठ्यावर फक्त तीन जोड पितळी जोडे उरले. त्यात पाय आहेत की नाहीत, हे कुणी वाकून पाहिलं नाही.

जयवंत थिजला तेव्हा त्याची बहीण शेवंता नऊ वर्षांची होती. ती पंधराची झाली तशी टेकडी चढून आली आणि उंबरठ्याबाहेरून आत पाहू लागली. चाळीस मेजांपाशी चाळीस माणसं कंबरेपर्यंत पिवळी झाली होती. चिमटे हवेत धरलेले. डोळे मात्र जिवंत होते, आणि ते सगळे एकदम तिच्याकडे वळले.

"दादा," ती म्हणाली, "कुठं पडलं?"

जयवंतचे ओठ हलले. "पडलंय. शोध."

"कुठल्या बाजूला?"

"पडलंय. शोध."

खिडकीच्या चौकटीवर साळुंकी बसली होती. तिने थेट गुरूंच्या आवाजात विचारलं, "काय हवं?"

"माझा भाऊ हवा. हे पितळ डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत."

"विद्यार्थी नसलेल्याने आत पाऊल टाकलं तर काय होतं, ते उंबरठ्यावर पाहा. तीन कामं कर आणि विद्यार्थी हो. शिकवते मी. गुरूंचे सगळे धडे मला पाठ आहेत, रागवण्यासकट."

शेवंता ओसरीवर मेज मांडून बसली. पहिलं काम कानशीचं. पितळेचा ठोकळा सहाही बाजूंनी असा घासायचा, की पट्टी ठेवली तर खालून उजेडाची रेघ दिसता कामा नये. तांबटाची लेक, पितळ तिच्या ओळखीचं. तरी पाखरू एक डोळा मिटून पाही आणि म्हणे, "दिसतो उजेड. पुन्हा कर." ठोकळा झिजून सुपारीएवढा व्हायचा, की नवा घ्यायचा. वर्ष गेलं. उजेड दिसायचा थांबला तेव्हा पितळ जयवंतच्या छातीपर्यंत चढलं होतं.

दुसरं काम आसाचं. घड्याळातलं तोलचक्र ज्या पोलादी काडीवर डोलतं, तो आस. धनुकलीच्या दोरीने कातकामाचा छोटा चरक फिरवायचा आणि काडीचं टोक केसाएवढं बारीक करायचं. एका सकाळी शेवंताचा आस अगदी होत आला होता. साळुंकी म्हणाली, "सावकाश." आणि तेवढ्यात टोक कडकन मोडलं.

"काय झालं?" साळुंकीने विचारलं. ती उडून जवळ येईपर्यंत शेवंताची मूठ आपोआप मिटली होती.

"पडला," शेवंता म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. पाच महिन्यांची मेहनत होती, आणि समोर एवढे डोळे होते. साळुंकी बिचारी ऊन उतरेपर्यंत ओसरी चोचीने धुंडाळत राहिली. शेवंता खाली मान घालून बसली. शरमेने तिला घास गिळवेना, पण खरं काही तिने सांगितलं नाही. तिने दुसरा आस केला. तो जमला. पितळ जयवंतच्या गळ्याशी आलं.

तिसरं काम कमानीचं. श्वास लागला तरी थरथरेल अशी पातळ, वेटोळी पोलादी कमान चक्रावर बसवायची, आणि बसवेपर्यंत श्वास रोखायचा. ते साधलं त्या दिवशी शेवंता अठराची झाली होती. जयवंतही अठराचाच होता. थिजल्यापासून त्याचं वय पुढे सरकलंच नव्हतं.

"जा आत," साळुंकी म्हणाली. "तू आता इथली आहेस."

शेवंताने पितळी जोडे ओलांडले. आत एवढी शांतता होती, की तिला स्वतःच्या पापण्यांचा आवाज येतोय असं वाटलं. गुडघ्यांवर बसून तिने धूळ चाळली, फटी कोरल्या, लोहचुंबक फिरवला. काहीही नाही. थकून तिने वर पाहिलं. एकोणचाळीस जणांचे डोळे तिच्याबरोबर फरशीवर शोधत होते. जयवंत एकटाच फरशीकडे पाहत नव्हता. तो पाहत होता स्वतःच्या उजव्या मुठीकडे.

शेवंताने हातातला लोहचुंबक खाली ठेवला. ती मूठ तिच्या चांगल्या ओळखीची होती.

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. पितळ खालच्या ओठाला टेकलं होतं.

"पडलंय," जयवंत पुटपुटला. "शोध."

तिने त्याला काही विचारलं नाही. ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"साळुंके, त्या सकाळी माझा आस पडला नव्हता. मोडला होता. मी मुठीत लपवला आणि तुला उगाच ओसरीभर फिरवलं. मला लाज वाटली होती."

एकोणचाळीस जोड डोळे तिच्यावर खिळले. शेवंताचे कान तापले, पण ती हलली नाही. आणि काही झालं नाही. कुणाच्या डोळ्यांत हसू आलं नाही, छतही कोसळलं नाही.

मागून, जेमतेम उरलेल्या ओठातून आवाज आला.

"माझाही मोडला होता."

मग तो बोलतच सुटला. "रोज ठरवायचो, उद्या सांगेन. मग पितळ गुडघ्यांवर आलं. सगळ्यांचंच आलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो गं?"

सगळ्यांत आधी त्याची मूठ तडकली. पितळाच्या पापुद्र्याआडून कातडी दिसली आणि तळव्यावर आसाचे दोन तुकडे. मग सगळ्यांच्या अंगावरून पितळ झरझर गळून पडलं, आणि उंबरठ्यावरच्या जोड्यांतून तीन सरदार डोळे चोळत उभे राहिले. एकोणचाळीस जणांची नऊ वर्षं गेली होती. कुणी रडलं, कुणी जयवंतकडे न बघता बाहेर निघून गेलं. त्यांनाही बोल लावता येत नाही.

गुरू सूक्ष्मनाथ सावकाश चालत आले. त्यांनी तुकडे भिंगाखाली धरले आणि बराच वेळ पाहिले.

"टोक फार घाईनं उतरवलंस," ते म्हणाले. "पुन्हा कर. रीत मी बांधली, पण मोडल्याचं सांगायला तिच्यात जागाच ठेवली नाही. ती चूक माझी."

तोवर शेवंताने आपला दुसरा आस जयवंतच्या घड्याळात बसवला. चक्र डोललं. पाठोपाठ मनोऱ्यातून टोले पडले, आणि राजा सिंहासनावरून उठला. नऊ वर्षं एका जागी बसलेल्या गुडघ्यांचा आवाज दरबारभर गेला.

मंत्र सुटला, शाळा पुन्हा सुरू झाली. शेवंताला जयवंतच्या शेजारचं मेज मिळालं. जयवंतच्या उजव्या तळव्यावर मात्र दोन पिवळे ठिपके राहिले, ते घासून गेले नाहीत. त्या शाळेत आजही कुणाच्या हातून काही मोडलं, की तो उभा राहून मोठ्याने सांगतो, "मोडला." बाकीचे मान वर न करता म्हणतात, "पुन्हा कर." आणि काम चालू राहतं.